मैदानाचा हक्क आणि पुण्याचे क्रिकेट

पुण्याच्या क्रिकेटचा इतिहास सांगायला बसले की माणसांची नावे ओठांवर येतात. पालवणकर बाळू, प्राध्यापक दि. ब. देवधर, भाऊसाहेब निंबाळकर, चंदू बोर्डे. ही नावे मोठी आहेत आणि त्यांचा अभिमान रास्त आहे. पण नावांच्या या मालिकेने एक गोष्ट झाकली जाते. फलंदाज घरी घडत नाही, गोलंदाज पुस्तकातून शिकत नाही. त्यांना बावीस यार्डांची नीट दाबलेली पट्टी लागते, भोवती मोकळी जागा लागते आणि त्या जागेवर रोज, वर्षानुवर्षे, कुणी हटकल्याशिवाय उभे राहण्याची मुभा लागते. पोटापाण्याचा उद्योग वेगळा ठेवून जो खेळतो, त्या हौशी खेळाडूला तर ही मुभा अधिकच लागते, कारण त्याच्याकडे पैसा नसतो, असतो तो फक्त कामाआधीचा आणि कामानंतरचा वेळ. म्हणून पुण्याच्या हौशी क्रिकेटचा इतिहास हा मुळात मैदानाच्या हक्काचा इतिहास आहे, असे माझे म्हणणे आहे. कोणत्या काळात मैदान कुणाच्या ताब्यात होते, आत कुणाला घेतले जाई आणि कोणत्या कामासाठी घेतले जाई, हे पाहिले की या शहरात खेळ केव्हा बहरला आणि केव्हा आकसला, हे बऱ्यापैकी उलगडते.

सुरुवात गणेशखिंडीतून करावी लागते. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर पावसाळ्यात मुंबई सोडून पुण्याला येई आणि गणेशखिंडीतल्या सरकारी वाड्यात राही. 1890 ते 1895 या काळात गव्हर्नर असलेले लॉर्ड हॅरिस इंग्लंडचे माजी कर्णधार होते. मुंबई पावसात बुडालेली असताना पुण्याची हवा खेळाला सोयीची, छावणी जवळ, अधिकारी हजर. त्यामुळे या दिवसांत युरोपियनांचे क्रिकेट पुण्यात रंगे. 1892 मध्ये युरोपियन आणि पारशी यांच्यात जे प्रेसिडेन्सी सामने सुरू झाले, तिथून भारतातल्या प्रथम श्रेणी क्रिकेटची गणना होते. त्यातला एक सामना मुंबईत झाला, तर दुसरा पुण्यात, आणि पुण्याचा सामना पारशांनी जिंकला. पण पारशांनी हे स्थान मिळवले होते ते जागेसाठी भांडून. मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर युरोपियनांच्या पोलोचे घोडे धावत आणि देशी मुलांच्या खेळपट्ट्या उखडत. 1881 मध्ये शेकडो सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला, वाद अनेक वर्षे चालला, आणि त्या लढ्याची हकिगत शापुरजी सोराबजी यांनी 1897 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. भारतीय क्रिकेटवरच्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी एक असलेल्या या पुस्तकाचा मोठा भाग फटक्यांवर खर्ची न पडता मैदानाच्या तंट्यावर पडावा, हे पुरेसे बोलके आहे.

पुण्यात या तंट्याचे रूप वेगळे आणि अधिक कठोर होते. इथल्या छावणीतले मैदान साहेबांचे होते आणि त्यावर देशी माणूस दिसे तो नोकर म्हणून. धारवाडला जन्मलेले, चर्मकार समाजातले पालवणकर बाळू प्रथम पुण्यात पारशांच्या क्लबात मैदान झाडणे, पाणी मारणे, रोलर ओढणे अशा कामावर लागले. पगार महिना तीन रुपये. 1892 च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले, तिथे चार रुपये मिळू लागले. काम तेच, त्यात जाळी बांधण्याची आणि कोर्टावर चुन्याच्या रेषा मारण्याची भर. सरावाच्या वेळी साहेबांना चेंडू टाकणारा कुणी हवा असे, म्हणून हा पोरगा डावखुरी फिरकी टाकू लागला. जे. जी. ग्रेग हा त्या काळचा इलाख्यातला नावाजलेला फलंदाज. तो इतरांच्या आधी जाळीत येई आणि बाळूंकडून तासन् तास चेंडू टाकून घेई. आपल्याला बाद केले की तो दर खेपेस आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, एक गोष्ट पक्की. इतकी वर्षे जाळीत चेंडू टाकूनही बाळूंच्या हाती कुणी तिथे बॅट दिली नाही. चेंडू टाकणे हे मेहनतीचे काम, ते नोकराकडे. फलंदाजी हा मान, तो साहेबाकडे. एका मैदानावर उभ्या असलेल्या दोन माणसांचा त्या मैदानावरचा हक्क किती वेगळा असू शकतो, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणार नाही.

पुढची कथा अनेकांना ठाऊक आहे. पुण्याच्या हिंदू खेळाडूंना युरोपियनांना हरवायचे होते आणि हरवू शकेल असा गोलंदाज त्यांच्याच गावात रोलर ओढत होता. बराच खल होऊन बाळूंना संघात घेतले गेले. मैदानात त्यांनी हाताळलेला चेंडू सगळे हाताळत, पण चहाच्या सुट्टीत त्यांना पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताटही वेगळे. विजय मिळू लागले तसा हा भेद सैल झाला. ज्यांच्याबरोबर खेळतो त्यांच्याबरोबर जेवायला हरकत कसली, असा सवाल न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांनी केला. प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईला गेले, 1906 मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना हरवले त्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी सर्व सामने मिळून शंभराहून अधिक बळी घेतले.

इथे कुणी म्हणेल, हेच उदाहरण तुमच्या म्हणण्याविरुद्ध जाते. गुणवत्ता असली की मैदान आपोआप खुले होते, बाळूंचे तसेच झाले. हा आक्षेप वजनदार वाटतो, पण तपासला की टिकत नाही. बाळू मैदानात पोहोचले ते गुणांमुळे नाही. गुण दिसायच्या आधी ते रोलर ओढण्यासाठी आत आले होते. त्या कामावर नसते तर ते डावखुरे बोट चेंडूला कधी लागलेच नसते. शिवाय आत आल्यावरही त्यांना जे मिळाले ते तुकड्यातुकड्याने. गोलंदाजी मिळाली, फलंदाजी उशिरा आली. संघात जागा मिळाली, पंक्तीत जागा नंतर. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना अधिकृतपणे कधीच मिळाले नाही. ते 1923 मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले. एका असामान्य माणसाने फट रुंद करून वाट काढली म्हणून दार उघडे होते असे म्हणता येत नाही. त्या फटीतून ज्यांना आत शिरता आले नाही, अशा किती बोटांतली फिरकी वाया गेली, याची नोंद कोणत्याही धावफलकावर नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्याने जे केले, त्यामुळे चित्र पालटले. शहराने स्वतःची मैदाने उभी केली. 1906 मध्ये डेक्कन जिमखाना स्थापन झाला. त्यावेळी भांबुर्ड्याकडचा हा भाग नदीपलीकडचा मोकळा मुलूख होता. पेठांत तालमी होत्या, पण तालीम चार भिंतींत मावते. क्रिकेट, धावणे, हॉकी यांना लागणारी ऐसपैस जागा पेठेत मिळणे शक्य नव्हते. ती नदी ओलांडूनच मिळायची होती. पूना यंग क्रिकेटर्सचा पीवायसी हिंदू जिमखानाही याच परिसरात रुजला. सार्वजनिक वर्गणीवर आणि सभासदांच्या उत्साहावर चाललेल्या या संस्थांनी किती लांबची मजल मारली, हे एका प्रसंगावरून कळते. 1919 मध्ये सर दोराबजी टाटांनी डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धा पाहिल्या, खेळाडूंची ताकद पाहून ते प्रभावित झाले, आणि त्यातून 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय पथक पाठवण्याचा बेत आकाराला आला. साहेबाच्या मैदानावर पाहुणा म्हणून जाणे आणि आपल्या मैदानावर देशाचे पथक निवडणे यांत पंचवीस वर्षांचेच अंतर आहे.

जिमखान्यांच्या जोडीला महाविद्यालये उभी राहिली. फर्ग्युसन 1885 चे, सर परशुरामभाऊ महाविद्यालय 1916 चे. या संस्थांनी वर्गखोल्यांबरोबर मैदाने राखली. याचे सर्वांत चांगले फळ म्हणजे देवधर. 1892 मध्ये पुण्यात जन्मलेला हा माणूस संस्कृतचा प्राध्यापक होता. क्रिकेट हा त्यांचा चरितार्थ नव्हता. तरीही 1911 पासून 1946 पर्यंत ते प्रथम श्रेणी सामने खेळले. 1926 मध्ये आर्थर गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध अखिल भारतीय संघाकडून त्यांनी 148 धावा केल्या. महाराष्ट्र संघाने 1939–40 आणि 1940–41 अशी सलग दोन वर्षे रणजी करंडक जिंकला तो त्यांच्या नेतृत्वाखाली. दुसऱ्या वर्षी मुंबईविरुद्ध पुण्यात त्यांनी 246 धावा केल्या, तेव्हा त्यांचे वय 48 होते. महाराष्ट्राच्या 675, मुंबईच्या 650, आणि पंचवीस धावांच्या आघाडीवर सामना महाराष्ट्राचा. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी असा डाव केवळ निष्ठेने होत नाही. त्यामागे तीस वर्षांचा अखंड सराव असतो, आणि नोकरी करणाऱ्या माणसाला तीस वर्षे अखंड सराव करता यायचा तर मैदान त्याच्या रोजच्या वाटेवर असावे लागते. शिकवण्याची जागा आणि खेळण्याची जागा एकाच आवारात किंवा पायी जाण्याइतकी जवळ, हे जुन्या पुण्याचे वैशिष्ट्य होते. 1935–36 मध्ये रोहिंटन बारिया करंडकाची आंतरविद्यापीठ स्पर्धा सुरू झाली आणि महाविद्यालयातल्या खेळाला देशभराचा रस्ता मिळाला. आधी मुंबई विद्यापीठाच्या झेंड्याखाली खेळणारी पुण्याची मुले 1949 नंतर पुणे विद्यापीठाकडून खेळू लागली. त्या विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे हॅरिससाहेबांचा तोच पावसाळी वाडा.

याच काळात पुण्याची खेळपट्टी धावांची खाण म्हणून प्रसिद्ध झाली. डिसेंबर 1948 मध्ये पूना क्लबच्या मैदानावर काठेवाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकरांनी नाबाद 443 धावा केल्या. ब्रॅडमनच्या 452 च्या विश्वविक्रमाला अवघ्या नऊ धावा कमी असताना पाहुण्या संघाने पुढे खेळायला नकार दिला आणि सामना सोडला. पुढच्याच मार्च महिन्यात मुंबई आणि महाराष्ट्र यांच्या रणजी उपांत्य सामन्यात 2376 धावा निघाल्या. हे आकडे फलंदाजांच्या नावावर जमा आहेत, ते योग्यच. पण दिवसेंदिवस न फुटणारी पट्टी आपोआप तयार होत नाही. माती चाळून अंथरायची, पाणी द्यायचे, ते मुरू द्यायचे, ओल नेमकी उरली असताना रोलर फिरवायचा, पुन्हा पाणी, पुन्हा रोलर. वरचा थर आरशासारखा घट्ट होईपर्यंत हे चालते. पाणी थोडे जास्त झाले तर रोलरला माती चिकटते, कमी झाले तर भेगा पडतात. ही जाण हातातून हातात येते. बाळूंनी ज्या मैदानावर रोलर ओढला, तिथेच अर्ध्या शतकाने हा डोंगर रचला गेला. हौशी क्रिकेटचा प्रत्येक विक्रम मैदानावर पगारी राबणाऱ्या अनाम माणसांशी भागीदारीत झालेला आहे, आणि ही भागीदारी इतिहासात मांडली गेली पाहिजे.

देवधरांच्या काळाचे गुणगान करताना एक आक्षेप मात्र मान्य करायलाच हवा. महाविद्यालयाचे मैदान खुले होते, पण महाविद्यालयाचे फाटक अरुंद होते. त्या काळी कॉलेजात पोहोचणारी मुले बहुतांशी मोजक्या जातींतली आणि मोजक्या घरांतली. जिमखान्याचे सभासदत्वही सर्वांच्या आवाक्यातले नव्हते. म्हणजे साहेबाचे मैदान जाऊन जे आले, ते साऱ्या शहराचे मैदान नव्हतेच. मुलींसाठी तर ते जवळजवळ बंद होते. त्यांच्यासाठी बदल घडायला 1973 उजाडले. त्या वर्षी भारतीय महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली आणि महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात भरली. संघ तीनच, मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. पण दोन वर्षांत ऑस्ट्रेलियाचा पंचवीस वर्षांखालील महिला संघ भारतात आला आणि त्याचा एक सामना पुण्याला मिळाला. तीन संघांपासून परदेशी संघाशी लढतीपर्यंत दोन वर्षांत मजल जाते, याचा अर्थ मुलींत इच्छा आणि कुवत आधीपासून होती, अडले होते ते मैदानापाशी. हा आक्षेप माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, उलट बळ देतो. ज्यांना ज्या प्रमाणात मैदान मिळाले, ते त्या प्रमाणात खेळले.

हा नियम पुण्यापुरता आहे की काय, हे तपासायला अमेरिकेचे उदाहरण उपयोगी आहे. पहिला आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना 1844 मध्ये अमेरिका आणि कॅनडा यांच्यात न्यूयॉर्कला झाला. फिलाडेल्फियाजवळच्या हॅवरफर्ड कॉलेजात 1830 च्या दशकातच विद्यार्थी क्रिकेट खेळू लागले होते, आणि त्यांना हा खेळ कॉलेजची बाग घडवायला आलेल्या विल्यम कार्व्हिल नावाच्या इंग्रज माळ्याने लावला, असे सांगतात. 1864 मध्ये हॅवरफर्ड आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संघांत सामना झाला, 1881 मध्ये महाविद्यालयांची क्रिकेट संघटनाही निघाली. फिलाडेल्फियाचा बार्ट किंग 1908 मध्ये इंग्लंडमध्ये गोलंदाजीच्या सरासरीत पहिला आला. एवढे वैभव असलेला खेळ पुढच्या वीस वर्षांत तिथून जवळजवळ नाहीसा झाला. बेसबॉल वेगवान, अमेरिकन माणसाला सबुरी नाही, असे कारण नेहमी दिले जाते. त्यात तथ्य आहे, पण सगळे तथ्य नाही. फिलाडेल्फियाचे क्रिकेट श्रीमंतांच्या खाजगी क्लबांत कोंडलेले होते. सभासदांची आवड टेनिस आणि गोल्फकडे वळली तशी हिरवळही वळली. जर्मनटाउन क्रिकेट क्लबाने 1921 ते 1923 या वर्षांत अमेरिकेची राष्ट्रीय टेनिस स्पर्धा भरवली. नावात क्रिकेट राहिले, गवतावर टेनिस आले. बाहेर ना शाळांची मैदाने होती, ना गल्लीतली पोरे, की जी हा खेळ उचलून धरतील. आणि हॅवरफर्ड कॉलेजात, जिथे कॉलेजने आपले कोप फील्ड क्रिकेटसाठी राखले, तिथे बेसबॉलच्या त्याच देशात क्रिकेट आजही अधिकृत खेळ म्हणून टिकून आहे. आवड बदलते हे खरे, पण मैदान शिल्लक असेल तर खेळाला परतायला जागा राहते.

आज अमेरिकन विद्यापीठांत क्रिकेट पुन्हा दिसते ते मुख्यतः भारतीय उपखंडातून आणि कॅरेबियन बेटांतून गेलेल्या मुलांमुळे. 2009 मध्ये फ्लोरिडात अमेरिकन कॉलेज क्रिकेटची पहिली स्पर्धा झाली आणि विद्यापीठांचे संघ पुन्हा आमनेसामने आले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून तिकडे शिकायला गेलेली मुलेही अशा संघांत असतात. त्यांच्यापुढची अडचण बाळूंच्या काळाइतकी अपमानाची नसली तरी जातकुळी तीच आहे. हिरवळ बेसबॉल आणि फुटबॉलला नेमून दिलेली, म्हणून चिकटपट्टी गुंडाळलेला टेनिसचा चेंडू घेऊन वाहनतळावर किंवा टेनिस कोर्टवर खेळायचे. त्यातूनही ती मुले स्पर्धा भरवतात, कारण हौस त्यांच्याबरोबर विमानातून गेली. मैदान मात्र तिथेच मिळवावे लागते.

आता पुन्हा पुण्याकडे यावे. 2012 पासून मोठे क्रिकेट शहराबाहेर गहुंज्याला गेले. ते स्टेडियम उत्तम आहे, पण कामावरून सुटलेल्या माणसाच्या रोजच्या वाटेवर नाही आणि असण्याची अपेक्षाही नाही. शहरात जी मैदाने उरली, त्यांपैकी अनेक सभा, प्रदर्शने आणि समारंभ यांना दिली जातात. मांडवाचे खांब रोवले की खेळपट्टी पूर्ववत व्हायला महिने लागतात. यावर दोन उत्तरे ऐकू येतात. पहिले असे, की आता उपनगरांत जागोजागी जाळीबंद टर्फ निघाले आहेत, तासाचे पैसे भरा आणि खेळा. मैदान कमी झाले कुठे? या टर्फने कामकरी तरुणांना रात्री अकरा वाजता खेळता येते, ही सोय लहान नाही. पण तिथे सिंथेटिक गवत, टेनिस बॉल आणि घड्याळ. तिथे व्यायाम होतो, मैत्री होते. सीझन बॉलची फिरकी शिकायला जो रिकामा, न मोजलेला वेळ लागतो, तो तासाच्या भाड्यात बसत नाही. दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे. हौशी क्रिकेटचा जमाना हा खाऊन-पिऊन सुखी असलेल्यांचा होता, पैसा आला तेव्हाच गरिबाघरच्या मुलाला या खेळात भवितव्य मिळाले, मग जुन्याचे कौतुक कशाला? यातले पहिले अर्धे मी वर मान्य केलेच आहे. दुसरे अर्धेही खरे आहे. पण पैसा मूठभरांना मिळतो आणि तो मिळण्याच्या आधीची दहा वर्षे प्रत्येक मुलाला कुठेतरी फुकट किंवा नाममात्र शुल्कात खेळावे लागते. ती जागा नसली की उरते ती महागडी अकादमी, आणि फाटक पुन्हा अरुंद होते. या वेळी जातीऐवजी ऐपतीने.

म्हणून या इतिहासातून पुण्याने काही ठोस धडे घ्यावेत. विकास आराखड्यात क्रीडांगण म्हणून राखलेल्या जागेला इमारतीच्या जागेइतकेच गांभीर्य मिळावे आणि तिचा वापर बदलताना शहराला जाब द्यावा लागावा. महाविद्यालयांनी आपली मैदाने संध्याकाळी आणि सुट्टीत जवळच्या वस्त्यांतल्या मुलामुलींना ठरावीक शिस्तीत खुली करावीत; ज्यांचे फाटक कधीकाळी अरुंद होते, त्या संस्थांकडून ही अपेक्षा गैर नाही. खेळपट्टी राखणाऱ्या कामगारांना कायम नोकरी आणि प्रशिक्षण मिळावे, कारण त्यांच्या हातची विद्या गेली की हिरवळ असूनही क्रिकेट राहत नाही. आणि समारंभांच्या भाड्याचा हिशेब मांडताना त्या महिन्यांत किती मुलांचा सराव बुडाला, तेही त्याच वहीत लिहिले जावे. पुढचा देवधर कोणत्या पेठेत जन्मेल आणि पुढचा बाळू कोणत्या वस्तीत, हे कुणी ठरवू शकत नाही. ते दोघे एकाच मैदानावर, एकाच हक्काने, बॅट आणि चेंडू दोन्ही हाती घेऊन उभे राहतील की नाही, हे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.